छेद कुठून आणला?

विश्वाचे स्थिरांक, म्हणजे निसर्गाच्या नियमांतल्या ठरलेल्या संख्या, आहेत त्यापेक्षा केसभर जरी इकडेतिकडे असते, तर तारे नसते, कार्बन नसता, आपण नसतो. हे सगळं योगायोगानं जुळून येण्याची शक्यता म्हणे एकावर १२० शून्यं, इतक्यांत एक. तेव्हा या जुळणीमागं कुणीतरी जुळवणारा, योजक, आहे, आणि हे आता खुद्द भौतिकशास्त्रच सांगतंय. फाइन-ट्यूनिंगचा, म्हणजे सूक्ष्म जुळणीचा, हा युक्तिवाद थोड्याफार फरकानं आपण सगळ्यांनीच ऐकलेला असतो. ऐकणाऱ्यांपैकी काही जण मान डोलावतात, काही 'पुन्हा तेच' म्हणून हात झटकतात. दोघांचीही घाई होते.

यातलं भौतिकशास्त्र बरंचसं खरं आहे, त्यामुळे ते नाकारून हा युक्तिवाद पडत नाही. तो अडकतो एका अपूर्णांकात. शक्यता म्हणजे शेवटी अंश भागिले छेद. स्थिरांकाच्या कुठल्या कुठल्या किमतींना जीवसृष्टी चालेल, हा झाला अंश; तो हिशेबानं काढता येतो आणि अभ्यासकांनी काढलेला आहे. त्या स्थिरांकाची किंमत मुळात कुठपासून कुठपर्यंत असू शकली असती, आणि त्या टप्प्यातली कुठली किंमत किती संभवनीय, हा छेद. तो आजवर कुणीही मोजलेला नाही. डोळे दिपवणारी शून्यं येतात ती छेदातून, आणि हा छेद प्रत्येक जण आपापल्या घरून घेऊन येतो.

एक उदाहरण पुरतं सोडवून बघू. प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या मापात ९३८.२७२ एमईव्ही आहे (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट). न्यूट्रॉनचं ९३९.५६५. फरक १.२९३, म्हणजे हजारी दीडहूनही कमी. हा फरक दोन उलटसुलट गोष्टींच्या वजाबाकीतून उरतो. हे कण क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचे बनलेले असतात: न्यूट्रॉनमध्ये दोन डाउन क्वार्क आणि एक अप, प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाउन. डाउन क्वार्क जड असल्यामुळे न्यूट्रॉन सुमारे २.५ एमईव्हीनं वर जातो. उलट प्रोटॉनवर विद्युतभार आहे, त्या भाराच्या ऊर्जेमुळे प्रोटॉन सुमारे १ एमईव्हीनं जड होतो. महासंगणकांवर हे दोन्ही वाटे वेगवेगळे काढून दाखवायला २०१५ साल उजाडलं.

आता हा फरक कमी करत नेऊ. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ०.५११ एमईव्ही. फरक त्याच्या खाली गेला, की प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र येऊन न्यूट्रॉन होणं ऊर्जेच्या दृष्टीनं फायद्याचं ठरतं. साधा हायड्रोजनचा अणू टिकत नाही. पाणी गेलं, सूर्याचं इंधन गेलं, सेंद्रिय रसायन गेलं.

उलट बाजूला फरक वाढवत नेऊ. सूर्यातल्या इंधनाची पहिली पायरी अशी: दोन प्रोटॉन आदळतात, त्यातला एक न्यूट्रॉन होतो, दोघांचं मिळून ड्यूटेरॉन बनतं आणि एक पॉझिट्रॉन (धनभारित इलेक्ट्रॉन) व एक न्यूट्रिनो (अतिशय हलका, भार नसलेला कण) बाहेर पडतो. ड्यूटेरॉनच्या बंधनातून २.२२४ एमईव्ही मिळतात. त्यातले १.२९३ प्रोटॉनचा न्यूट्रॉन करण्यात जातात, ०.५११ पॉझिट्रॉन घडवण्यात. हातात उरतात ०.४२०. म्हणजे फरक १.२९३ ऐवजी १.७१३ च्या वर असता, तर हा रस्ता बंद. तरीही एक आडवाट राहते: दोन प्रोटॉन आदळताना जवळचा इलेक्ट्रॉनच गिळंकृत झाला, तर पॉझिट्रॉनचा खर्च वाचतो. ती वाट २.७३५ पर्यंत उघडी असते. त्यापुढं मात्र ड्यूटेरॉनमधला न्यूट्रॉनच फुटू लागतो आणि जड मूलद्रव्यांकडे जाणारी ही पहिली पायरीच निखळते.

तर पट्टा मिळाला: ०.५११ ते २.७३५. रुंदी २.२२४, बरोबर ड्यूटेरॉनच्या बंधनऊर्जेइतकी. हा योगायोग नव्हे, समीकरण मांडलं की तसंच येतं. या हिशेबात एक सूट घेतली आहे तीही सांगून टाकतो. बंधनऊर्जा आणि इलेक्ट्रॉनचं वस्तुमान जागच्या जागी ठेवून फक्त फरक हलवला आहे. खऱ्या भौतिकशास्त्रात क्वार्कची वस्तुमानं हलवली की बंधनऊर्जाही हलते. पण पट्टा आहे, तो मर्यादित आहे आणि आपण त्याच्या आत आहोत, हे या सूटीनं बदलत नाही. अंश हाती आला.

आता भागायचं कशानं?

अप आणि डाउन क्वार्कची वस्तुमानं स्वतःच काही एमईव्हीच्या घरात आहेत. तेवढाच टप्पा धरला, तर पट्टा त्याचा चांगला मोठा हिस्सा व्यापतो आणि नवल वाटण्यासारखं काही उरत नाही. कुणी म्हणेल, क्वार्क याहून कितीतरी जड असू शकतात. सगळ्यात जड टॉप क्वार्क १ लाख ७३ हजार एमईव्हीचा आहे. ठीक. तो टप्पा धरला, तर शक्यता साधारण ७८ हजारांत एक. अजून कुणी म्हणेल, थेट प्लांक वस्तुमानापर्यंत, म्हणजे जिथं आजचे सिद्धांत अपुरे पडतात त्या मर्यादेपर्यंत जा, म्हणजे १.२ गुणिले एकावर २२ शून्यं इतके एमईव्ही. मग शक्यता येते साधारण साडेपाचावर २१ शून्यं, इतक्यांत एक. व्याख्यानात हा आकडा शोभून दिसतो.

आता तोच प्लांकपर्यंतचा टप्पा ठेवू, फक्त मोजपट्टी बदलू. भौतिकशास्त्रात एखादी राशी किती मोठी असेल याचा काहीच अंदाज नसला, की दशमान पायऱ्यांनी विचार करण्याची पद्धत आहे: हजारांश ते शतांश ही एक पायरी, शतांश ते दशांश ही दुसरी, आणि प्रत्येक पायरीला समान वजन. ०.००१ एमईव्हीपासून एकावर २२ शून्यांपर्यंत अशा २५ पायऱ्या होतात. आपला पट्टा, ०.५११ ते २.७३५, त्यातली पाऊण पायरी व्यापतो. शक्यता ३४ त एक. पत्त्यांच्या डावात यापेक्षा दुर्मिळ पानं रोज येतात.

पट्टा एकच, भौतिकशास्त्र एकच. उत्तर ३४ त एक किंवा साडेपाचावर २१ शून्यांत एक. यातलं बरोबर कुठलं, हे ठरवणारा कुठलाही प्रयोग नाही. निसर्ग स्थिरांकांच्या किमती कुठल्या पिशवीतून काढतो, त्या पिशवीत काय काय आहे, मुळात पिशवी आहे की नाही, यातलं काहीच आपल्याला ठाऊक नाही. विश्व एकच पाहिलंय. एकाच सोडतीवरून पिशवीतल्या चिठ्ठ्या मोजता येत नाहीत.

यावर 'मग टप्पा अनंतच धरा, काहीही शक्य होतं' असं म्हणणारेही आहेत. त्यानं काम आणखी बिघडतं. अनंत टप्प्यावर समान वजन वाटताच येत नाही; बेरीज एक होत नाही, म्हणजे ती संभाव्यताच राहत नाही. टिमोथी आणि लिडिया मॅकग्र्यू व एरिक व्हेस्ट्रप या अभ्यासकांनी २००१ मध्ये हे नेमकं मांडलं. त्यातून एक मासलेवाईक परिणाम निघतो. अनंत टप्प्यात २ एमईव्हीचा पट्टा जितका नगण्य, तितकाच दोन अब्ज एमईव्हीचाही. म्हणजे स्थिरांक कसाही ढिला चालला असता, तरी हा युक्तिवाद तितक्याच जोरानं 'बघा, शक्यता शून्य' म्हणाला असता. सूक्ष्म जुळणीचा युक्तिवाद ढोबळ जुळणीलाही तसाच लागू पडत असेल, तर 'सूक्ष्म' या शब्दाला काम काय उरलं?

युक्तिवादाच्या जाणत्या कैवाऱ्यांना हे ठाऊक आहे. तत्त्वज्ञ रॉबिन कॉलिन्स यांचं उत्तर असं, की सगळ्या शक्य किमती घेऊ नका, ज्या किमतींसाठी आपला सिद्धांत 'जीवसृष्टी होईल की नाही' हे सांगू शकतो तेवढाच उजेडातला भाग घ्या. ही सूचना प्रामाणिक आहे. पण मग छेदात जे बसलं ते आपल्या सिद्धांतांच्या पोचेचं माप. उद्या सिद्धांत आणखी दूरवर चालू लागला, तर विश्वात काडीचाही बदल न होता विश्व 'आणखी असंभव' होईल. अशा आकड्यावर योजकाचा डोलारा उभा करायचा, तर तो आपल्या अज्ञानाच्या सीमेवर उभा राहतो.

आता त्या प्रसिद्ध १२० शून्यांकडे येऊ. हा आकडा कृष्ण ऊर्जेचा, म्हणजे पोकळीच्या ऊर्जेचा. तो सांगताना हमखास एक चूक होते. 'ही ऊर्जा १२० शून्यांत एक इतकी जरी वेगळी असती तर विश्व मोडलं असतं' असं वाक्य ऐकू येतं. ते चुकीचं आहे. भौतिकशास्त्रज्ञ स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९८७ मध्ये विचारलं, की पोकळीची ऊर्जा किती वाढवली तर दीर्घिका बनायच्या थांबतील. त्यांची मर्यादा आज मोजलेल्या किमतीच्या शंभरपटीहून वर होती. २०१८ मध्ये संगणकीय विश्वं चालवून पाहणाऱ्या गटालाही असंच दिसलं: काहीशे पटींपर्यंत कृष्ण ऊर्जा वाढवली तरी ताऱ्यांच्या जन्मावर परिणाम माफकच होतो. दुप्पट केली, दसपट केली, तरी जीवसृष्टीचं काही अडत नाही.

मग १२० शून्यं कुठून आली? क्वांटम सिद्धांतानुसार पोकळीत किती ऊर्जा असायला हवी याचा ढोबळ अंदाज प्लांकपर्यंत सगळी कंपनं धरून काढतात, तो मोजलेल्या किमतीच्या एकावर साधारण १२० शून्यं इतक्या पट येतो. पुन्हा छेदच. प्लांकऐवजी मोठ्या कण-त्वरकांच्या ऊर्जेपाशी हिशेब थांबवला, तर शून्यं साठाच्या आसपास येतात. हा अंदाज इतका चुकतो, हे आपल्या सिद्धांताचं अपयश आहे, आणि भौतिकशास्त्रज्ञ त्याला तसंच म्हणतात. हिशेब चुकलाय अशी कबुली देणारा आकडाच संभाव्यता म्हणून सांगत सुटणं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत खटकणारं पाऊल वाटतं.

कार्बनची गोष्टही बहुधा अर्धीच सांगितली जाते. ताऱ्यांच्या पोटात दोन हेलियम केंद्रकं आदळून बेरिलियम-८ बनतं आणि सेकंदाच्या एकावर १६ शून्यांव्या भागाच्या आसपास फुटून जातं. तेवढ्यात तिसरं हेलियम येऊन आदळलं तरच कार्बन. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्या लक्षात आलं, की एवढ्यानं पुरेसा कार्बन उरणार नाही. कार्बनच्या केंद्रकात योग्य ऊर्जेची एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे. १९५३ मध्ये कॅलटेकमधल्या विल्यम फाउलर यांच्या प्रयोगशाळेत वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि पातळी सापडली. आजचं माप ७.६५ एमईव्ही. तीन हेलियमची बेरीज ७.२७५, उरलेली तूट दहा कोटी अंशांच्या उष्णतेतून भरून निघते. पुढं या कार्बनचं सगळं ऑक्सिजन होत नाही, कारण ऑक्सिजनची संबंधित पातळी ७.११७ आहे आणि कार्बन अधिक हेलियमची बेरीज ७.१६२, पातळी थोडक्यात खाली राहते. हे वाचताना मलाही दर वेळी थांबायला होतं. (हॉइल यांचा त्या वेळचा हिशेब कार्बनच्या प्रमाणाचा होता, जीवसृष्टीचा संबंध त्याला पुढं कित्येक वर्षांनी जोडला गेला, हे विज्ञानाचे इतिहासकार हेल्गे क्राग यांनी दाखवलंय.)

आता उरलेली अर्धी. १९८९ मध्ये मारिओ लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी ही पातळी ०.०६ एमईव्हीनं हलवून पाहिली. कार्बनच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. वर ०.२७७ नं नेली, तेव्हा मात्र कार्बन झपाट्यानं घटला. २००० मध्ये ओबरहुमर, चोतो आणि श्लाट्ल यांनी पातळीऐवजी तिच्यामागचं बल हलवलं: अणुकेंद्रातलं बल अर्धा टक्का किंवा विद्युत बल चार टक्के बदललं, तर कार्बन किंवा ऑक्सिजन तीस ते हजार पटींनी कमी होतो. दोन्ही निष्कर्षांत भांडण नाही. बलातला लहान बदल पातळीला मोठं करून हलवतो. पण 'किती सूक्ष्म' हा आकडा तुम्ही कुठली खुंटी पिळता यावर ठरतो, हे त्यातून उघड होतं. शिवाय बेरिलियम-८ टिकत नाही ते अवघ्या ०.०९२ एमईव्हीच्या तुटीमुळे. बल किंचित वाढलं की ते टिकाऊ होतं, आणि मग तीन हेलियमच्या कसरतीची, तिच्याबरोबर त्या प्रसिद्ध पातळीचीही, गरजच संपते. कार्बन दोन सरळ पायऱ्यांत बनतो. फ्रेड ॲडम्स आणि इव्हान ग्रोस यांनी अशा विश्वांतल्या ताऱ्यांचा हिशेब मांडलेला आहे.

एका वेळी एकच खुंटी पिळायची आणि सूर बिघडला की 'बघा' म्हणायचं, ही या साहित्यातली नेहमीची खोड. तंबोऱ्याची एकच तार उतरवली तर बेसूरच होणार. चारही तारा मिळून उतरवल्या तर दुसऱ्या पट्टीत गाता येतं. ॲडम्स यांनीच २००८ मध्ये गुरुत्वाकर्षण, विद्युत बल आणि केंद्रकीय अभिक्रियांचा वेग असे तिन्ही एकत्र बदलले. तपासलेल्या क्षेत्राच्या साधारण चौथ्या हिश्श्यात टिकाऊ तारे निघाले. हार्निक, क्रिब्स आणि पेरेझ यांनी २००६ मध्ये तर क्षीण केंद्रकीय बल पूर्ण काढून टाकलं, बाकीचं थोडं जुळवून घेतलं, आणि तारे व रसायन असलेलं विश्व कागदावर उभं केलं. एक सगळंच्या सगळं मूलभूत बल गायब! अर्थात 'चौथा हिस्सा' हाही कुणीतरी आखलेल्या चौकटीचाच चौथा हिस्सा. छेदाची तक्रार करणाऱ्यानं आपल्या सोयीचा छेद दिसला म्हणून गप्प बसू नये.

इथं या युक्तिवादावरच्या एका लोकप्रिय उत्तराचीही विल्हेवाट लावायला हवी. 'जुळलं नसतं तर प्रश्न विचारायला आपण नसतोच, मग नवल कसलं?' हे ब्रँडन कार्टर यांनी १९७३ मध्ये क्राकोच्या परिषदेत मांडलेल्या मानवसापेक्ष तत्त्वाचं स्वस्त रूप आहे. मूळ तत्त्व निरीक्षणातल्या निवडीबद्दल सावध करतं: जाळ्याची भोकं मोठी असतील, तर लहान मासे सापडले नाहीत म्हणून समुद्रात लहान मासे नाहीत असं ठरवू नये. स्वस्त रूप त्यातून 'स्पष्टीकरण मागूच नका' असा फतवा काढतं. त्याला तत्त्वज्ञ जॉन लेस्ली यांनी चोख उत्तर दिलं होतं. पट्टीच्या नेमबाजांच्या तुकडीनं तुमच्यावर एकदम गोळ्या झाडल्या आणि सगळ्या चुकल्या. 'चुकल्या नसत्या तर मी विचार करायला उरलोच नसतो' हे खरं, पण त्यानं 'सगळे कसे चुकले' हा प्रश्न मिटत नाही. कुणीतरी त्यांना चुकायला सांगितलं असणार, ही शंका रास्तच.

ही उपमा पटते, ती का पटते ते पाहावं. बंदूक काय असते, पट्टीचा नेमबाज किती वेळा चुकतो, मुद्दाम नेम चुकवणारे लोक असतात, हे सगळं आपल्याला आधीपासून माहीत आहे. छेद तयार आहे. न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या फरकाबाबत 'नेमबाज सहसा किती वेळा चुकतो' याच्या जोडीचं कुठलं ज्ञान आपल्यापाशी आहे? लेस्लींची गोष्ट नास्तिकाचं सोपं उत्तर पाडते, आणि त्याच दमात आस्तिकाकडे काय नाही हेही दाखवून देते.

छेदाबाबत एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. विश्वाची सुरुवात विलक्षण सुव्यवस्थित, म्हणजे अत्यंत कमी एन्ट्रॉपीची होती, आणि एन्ट्रॉपी मोजायला भौतिकशास्त्रात प्रस्थापित माप आहे. रॉजर पेनरोज यांनी या सुरुवातीच्या दुर्मिळतेचा जो आकडा काढला, तो लिहायचा तर एकावर इतकी शून्यं द्यावी लागतील, की त्या शून्यांची संख्याच एकावर १२३ शून्यं. इथं छेद ओढूनताणून आणलेला नाही. पण या उदाहरणात उलटीच अडचण आहे: जीवसृष्टीला एवढ्या व्यवस्थेची गरजच नाही. एका सूर्यमालेपुरती व्यवस्था असती आणि बाकी सगळा गोंधळ असता, तरी आपलं भागलं असतं, आणि तशी सुरुवात अफाट पटींनी अधिक संभवनीय होती. हेही पेनरोज यांनीच दाखवलंय. तेव्हा ही जुळणी कशासाठी होती ते असो, आपल्यासाठी होती असं तिच्यावरून म्हणता येत नाही.

आता योजकाची बाजू. योजनेवरून योजक गाठण्याची वाट आपल्याकडे जुनी आहे. जमीन, अंकुर वगैरे कर्त्यानं केलेले आहेत, कारण ती कार्यं आहेत, घटासारखी, या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, अनुमानाला उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत कळस चढवला. विक्रमशीलेच्या रत्नकीर्ती या बौद्ध पंडितानं अकराव्या शतकात त्यावर नेमकं बोट ठेवलं: 'कार्य तिथं कर्ता' ही व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेला नियम, घटासारख्या पाहिलेल्या कार्यांवरून बांधली, डोंगर त्या जातीचं कार्य आहे, हेच तर सिद्ध करायचंय. सूक्ष्म जुळणीचा आधुनिक युक्तिवाद हा सापळा चुकवतो. तो व्याप्ती सांगत नाही, तुलना करतो: योजक असेल तर जीवसृष्टीची शक्यता किती, नसेल तर किती, आणि कुठली जास्त. घाट चांगला आहे. फक्त दोन आकडे हवेत. 'नसेल तर' वाल्या आकड्याची अवस्था वर पाहिली.

'असेल तर' वाला आकडा त्याहून नाजूक आहे. योजकाला काय हवं होतं, हे स्वतंत्रपणे कळल्याशिवाय तो काढता येत नाही. इलियट सोबर हे तत्त्वज्ञ गेली कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत. योजकाला जीवसृष्टी हवी होती हे आपल्याला कसं कळलं? जीवसृष्टी दिसली म्हणून. आधी भिंतीत बाण रुतू द्यायचा, मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, असा हा नेम. शिवाय योजक खरोखर सर्वशक्तिमान असेल, तर त्याला ०.५११ आणि २.७३५ च्या मध्ये राहण्याची सक्ती कुणाची? तो कुठल्याही स्थिरांकांवर चैतन्य वसवू शकेल. अरुंद पट्ट्यात बसून काम करावं लागतं, ते ज्याच्या हातात नियम नाहीत त्याला.

बहुविश्ववाद्यांना वाटतं, की आपण यातून सुटलो. अनंत फुगवट्याच्या (अवकाश कुठं ना कुठं अतिवेगानं फुगतच राहतं असं मानणाऱ्या) सिद्धांतातून असंख्य विश्वं, स्ट्रिंग सिद्धांतातून (कण म्हणजे सूक्ष्म तारांची कंपनं असं मानणाऱ्या) एकावर ५०० शून्यं इतक्या प्रकारच्या पोकळ्या, प्रत्येकीत स्थिरांक वेगळे. कुठंतरी जुळणारच, आणि आपण तिथं असणार. पण पळसाला पानं तीनच. असंख्य विश्वांपैकी जीवसृष्टीची किती, हा अनंत भागिले अनंत असा हिशेब होतो, आणि कुठल्या क्रमानं मोजता यावर उत्तर बदलतं. त्याला या क्षेत्रात मापाचा प्रश्न म्हणतात. तो सुटलेला नाही. छेद नाही ही तक्रार योजकवाद्यांवर करायची आणि बहुविश्वाला माफ करायचं, हा पंक्तिप्रपंच झाला.

तरी एका बाबतीत वाइनबर्ग यांना गुण द्यावेच लागतात. त्यांचा १९८७ चा हिशेब आधी होता. कृष्ण ऊर्जा सापडली १९९८ मध्ये, दूरच्या सुपरनोव्हांवरून, आणि त्यासाठी पर्लमटर, श्मिट व रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं. तोवर बहुतेकांचा कल ती किंमत शून्य निघेल असा होता. वाइनबर्ग म्हणत होते, की निवड निरीक्षकांमुळे होत असेल, तर किंमत शून्य असण्याचं कारण नाही, ती मर्यादेच्या खाली पण फार खाली नसावी. मार्टेल आणि शापिरो यांच्यासोबत त्यांनी पुढं काढलेला अंदाज असा, की मोजली गेली तितकी लहान किंमत मिळण्याची शक्यता ५ ते १२ टक्के. फार भरीव यश नव्हे. पण मोजमापाआधी मान पुढं केली होती, आणि ती उडाली असती अशी जागा ठेवली होती. योजनेच्या बाजूनं असा एकही आकडा मोजमापाच्या आधी आलेला नाही.

तशी संधी आजही आहे. न्यूट्रिनोंची वस्तुमानं हेही निसर्गाचे स्थिरांकच, आणि दीर्घिकांच्या घडणीत त्यांचा हात आहे: न्यूट्रिनो जड असतील, तितकी द्रव्याची लहान गाठोडी विस्कटतात आणि दीर्घिका कमी बनतात. तिन्ही प्रकारांच्या वस्तुमानांची बेरीज किमान ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असली पाहिजे, हे त्यांच्या रूप बदलण्याच्या प्रयोगांवरून कळतं. प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणानं दीर्घिकांच्या सर्वेक्षणांची जोड घेऊन ती ०.१२ च्या खाली दाखवली आहे. नेमकी बेरीज अजून मोजली जायची आहे. योजकाच्या हेतूवरून ती किती असावी हे ज्याला काढता येत असेल, त्यानं आकडा आताच लिहून ठेवावा, आणि शेजारी आपला छेदही.